ट्रेलर घरीच आहे

मालवाहतूक कंपनीच्या वरच्या मजल्यावर, भिंतीएवढ्या स्क्रीनसमोर बसणाऱ्या त्या माणसाला सगळे ड्रायव्हर घारसाहेब म्हणायचे. अर्थात पाठीमागे. ते त्याच्या कानावर आलं तेव्हा चिडायचं सोडून तो खूशच झाला. घार उंचावरून सगळं बघते, एवढंच त्याला त्यात दिसलं. ती खाली काय शोधत असते, ते त्याला समजावून सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

प्रत्येक ट्रकमध्ये एक डबी बसवलेली होती. आकाशातल्या उपग्रहांवरून ती आपली जागा ओळखायची आणि वर कळवायची. ट्रक पळत असला की स्क्रीनवर हिरवा ठिपका, थांबला की लाल. लाल ठिपका दिसला रे दिसला की घारसाहेबाचा हात फोनकडे जायचा.

"का थांबलास?"

"लघवीला, साहेब."

"मघाशीही थांबला होतास."

"मघाशी चहाला थांबलो होतो. त्याचीच ही लघवी."

असल्या उत्तरांची तो मालकाकडे तक्रार करायचा. स्वतः त्याने उभ्या जन्मात ट्रक चालवला नव्हता. घाटात गाडी तापते म्हणजे काय होतं, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे कसे दिपतात, यातलं काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं हीच त्याची नोकरी होती आणि उंटावर बसलोय म्हणजे आपणच उंच आहोत, अशी त्याची समजूत झाली होती.

दाढीवाला म्हणून एक ड्रायव्हर होता, कंपनीतला सगळ्यात जुना. एकदा तो ठरलेला रस्ता सोडून लांबून गेला, तेव्हा घारसाहेबाने त्याला फोनवर धरलं. पूल बंद आहे, असं दाढीवाल्याने सांगितलं.

"मला इथे पूल उघडा दिसतोय."

"नकाशात उघडाच असेल, साहेब. नदीवर नाही."

त्याबद्दल दाढीवाल्याला लेखी समज मिळाली. पूल पुढे महिनाभर बंदच होता, पण समज काही कुणी परत घेतली नाही.

घरीही तीच तऱ्हा. बायको आणि कॉलेजातली मुलगी, दोघींचे फोनही ठिपके होऊन त्याच्या फोनवर दिसतील, अशी सोय त्याने करून ठेवली होती. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवायचा आणि घास घेता घेता विचारायचा, "आज बाजारात एवढा वेळ?" बायको कपडे शिवायची. ती शहाणी होती. बाहेर पडताना फोन शिवणयंत्राच्या खणात ठेवून जायला ती केव्हाच शिकली होती. मुलीचा फोन तर भलताच अभ्यासू निघाला. तो तासन्‌तास ग्रंथालयात बसून असायचा आणि मुलगी मैत्रिणींबरोबर गावभर हिंडायची. घारसाहेब शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचा, "आमची मुलगी ग्रंथालयातून हलत नाही." ती भाजी निवडत ऐकायची आणि मान खाली घालून हसायची.

राहिले वडील. त्यांनी आयुष्यभर सडकेच्या कामावर रोलर चालवला होता आणि म्हातारपणी त्यांची चालही रोलरसारखीच झाली होती. सावकाश, सरळ आणि एकदा निघाली की थांबायचं नाव न घेणारी. अलीकडे त्यांना विसर पडायचा. एकदा गल्ली चुकले, तेव्हा दूधवाल्याने हाताला धरून घरी आणलं. बायको म्हणाली, "अहो, बाबांसोबत जरा संध्याकाळी फिरायला जात जा." घारसाहेबाने ऑफिसातून एक डबी आणली.

डबी मुळात ट्रेलरला, म्हणजे ट्रकमागे जोडायच्या गाड्याला, लावायची होती. ऑफिसच्या यादीत ट्रक, ट्रेलर आणि कंटेनर असे तीनच प्रकार होते. म्हातारा बाप हा प्रकार कुणाला सुचलाच नव्हता. म्हणून त्याने वडिलांना ट्रेलर म्हणून चढवलं, नंबर दिला, आणि बायकोकडून डबी त्यांच्या कोटाच्या अस्तरात शिवून घेतली. टाका घालताना ती म्हणाली, "माणसाला घंटा बांधायची ही कसली रीत?"

आता खरी गंमत पुढे आहे. उभ्या ट्रेलरला वारा लागला, कुणी टेकलं, की पूर्वी डब्या उगाच बोंब मारायच्या. तेव्हा घारसाहेबानेच सगळ्या ट्रेलरांच्या डब्यांना शिस्त लावली होती, की वाहनाच्या वेगाने पळालं तरच हललं म्हणायचं, एरवी झोपून राहायचं. हे करून मालकाकडून पाठ थोपटून घेतली होती. तीच डबी, तीच शिस्त घेऊन बापाच्या कोटात गेली. बाप निघायचा रोलरच्या चालीने. डबीच्या हिशेबाने ते हलणंच नव्हतं. म्हातारा रोज दुपारी घराबाहेर पडत होता आणि ठिपका घरावर ढिम्म बसून होता.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणायचा, "बाबा आता उंबरठा ओलांडत नाहीत. डबीचा धाक." बायको दुपारी गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला जायची, तिलाही ते खरंच वाटलं.

त्याच सुमारास त्याने आणखी एक पराक्रम केला. कंपनीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. पुढे एक बाकडं. गाडी लावली की ड्रायव्हर तिथे टेकायचे. घारसाहेबाने नकाशावर त्या टपरीभोवती लाल गोल काढला. त्या गोलात ड्रायव्हरचा फोन रेंगाळला की वर घंटा वाजायची. आठवडाभरात बाकडं ओस पडलं. टपरीवाली मावशी दुपारीच कुलूप लावून घरी जाऊ लागली. टपरी त्याच्या खिडकीतून सरळ खाली दिसत होती, पण खिडकीला त्याने जाड पडदा लावला होता. उजेडाने स्क्रीन नीट दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

एका संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, बाबा घरात नाहीत."

त्याने स्क्रीनवर एक नजर टाकली. "घरातच आहेत."

"मी सगळं घर बघितलं."

"न्हाणीघरात बघ."

"बघितलं. गच्चीवर बघितलं, पलंगाखालीसुद्धा बघितलं. कोट घालून गेलेत. तुम्ही या आधी."

"अगं, मला समोर दिसतंय ना. ठिपका घरावर आहे. नीट बघ."

"मी घरात उभी आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिथे बसून मला घर दाखवू नका."

त्याने फोन ठेवला. बायकांना शोधता येत नाही, असं शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हणाला. कारकुनाने मान डोलावली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे घारसाहेबालाही जाणवलं होतं. त्याने नकाशा मोठा करून बघितला. घराचं छप्पर दिसलं आणि छपरावर ठिपका दिसला. यंत्र खोटं बोलत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि खुर्चीतून तो उठला नाही. बाहेर अंधारायला लागलं होतं.

थोड्या वेळाने हमरस्त्यावर एक ठिपका लाल झाला. तिथे ना पेट्रोल पंप, ना टोलनाका. बापाची काळजी मनात कुठेतरी कुरतडत होतीच; ती कुणावर तरी काढायला त्याला आयतं गिऱ्हाईक मिळालं. ट्रक दाढीवाल्याचा होता.

"का थांबलास?"

"साहेब, तुमचे वडील रस्त्याच्या कडेला चाललेत. त्यांना गाडीत घेतोय."

"माझे वडील घरी आहेत."

मागून भरधाव जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"बरं," दाढीवाला म्हणाला. "मग हे कोण, ते त्यांनाच विचारा." आणि त्याने फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" वडिलांचा आवाज आला. दमलेला, पण त्यांचाच.

त्या रस्त्याच्या त्या तुकड्यावर रात्री काय होतं, हे घारसाहेबाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं; अपघाताचे सगळे निरोप त्याच्याच टेबलावर यायचे. "बाबा," एवढंच तो म्हणाला. समोरच्या स्क्रीनवर बाबा अजूनही घराच्या छपरावर होते.

मग दाढीवाल्याने ट्रक वळवला आणि वेग घेतला, तशी कोटातली डबी जागी झाली. भिंतीएवढी स्क्रीन एकदम लाल झाली. भोंगा वाजायला लागला. खालचा पहारेकरी धावत वर आला, मालक केबिनमधून बाहेर आले. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं होतं की एक ट्रेलर परवानगीशिवाय हलवला जात आहे, चोरीचा संशय.

"कुठला ट्रेलर हा?" मालकांनी विचारलं. "आपल्याकडे या नंबरचा ट्रेलर कधी घेतला?"

घारसाहेब, सगळ्या जगाच्या जागा सांगणारा माणूस, खुर्चीतून उठून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "तो माझा आहे."

"तुमचा ट्रेलर?"

"माझे वडील."

कारकून हसू दाबायला टेबलाखाली वाकला. दाबलं गेलं नाही.

ट्रक फाटकाशी आला तेव्हा बातमी कळून बायकोही रिक्षाने येऊन पोचली होती आणि टपरीवाली मावशीही आली होती. दाढीवाल्याने म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवलं. उतरताच वडील कुणाकडे न बघता रस्ता ओलांडून त्या बाकड्यावर जाऊन बसले, रोजची जागा असल्यासारखे.

"रोजचीच आहे ती," मावशी म्हणाली. "गेलं वर्षभर दुपारी येतात. चहा घेतात, बसतात. ऊन उतरलं की कुणीतरी ड्रायव्हर त्यांच्याबरोबर चालत जाऊन त्यांना घरी सोडून यायचा. तुम्ही तो गोल काढलात, मग ड्रायव्हर यायचे बंद झाले. तरी मी रोज जाताना त्यांना गल्लीपर्यंत पोचवत होते. आज मी लवकर गेले. ते आले असतील, कुणी दिसलं नाही, तर पुढे चालत राहिले."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला?" दाढीवाला म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला दिसत असेल. तुम्हाला सगळंच दिसतं."

बायको म्हाताऱ्याशेजारी बसून त्यांचे पाय चेपत होती. तिने नवऱ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. घारसाहेब बाकड्यापाशी गेला, उकिडवा बसला.

"बाबा, रोज एवढं चालत इथे कशाला येता?"

म्हाताऱ्याने वरच्या खिडकीकडे बोट केलं. "तू तिथे असतोस ना. घरी आलास तरी तू कुठे असतोस काही कळत नाही. इथे बसलं की माहीत असतं, पोरगा वर आहे."

घारसाहेबाने वर बघितलं. खिडकीवर जाड पडदा होता.

बायकोने त्याच रात्री कोटाचं अस्तर उसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घारसाहेबाने जेवणाचा डबा उघडला, तर वरच्या कप्प्यात पोळीऐवजी ती डबी होती. ती त्याने टेबलाच्या खणात टाकली. तेव्हापासून नकाशावर तो ट्रेलर कंपनीच्या आवारात उभा आहे, अगदी शिस्तीत.

लाल गोल मालकांनी पुसायला लावला. बाकडं पुन्हा भरतं. दाढीवाला फोनवर आता मुद्दाम विचारतो, "साहेब, वडील कुठे आहेत?" घारसाहेबाची नजर सवयीने स्क्रीनकडे जाते आणि तिथून रिकामीच परत येते. ते कळायला त्याला खुर्चीतून उठावं लागतं, खिडकीपाशी जावं लागतं आणि पडदा सरकवावा लागतो.

रोज उठतो असं नाही.