मार्थाबाईंची निसटणारी चप्पल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी विडीसुद्धा कधी लपली नव्हती.

केडगावात चपलांचा एक छोटा कारखाना होता, मी तिथला मुकादम. पत्र्याची शेड, आठ बायका, आणि दिवसभर हसणं. इतकी हसरी जागा मी पुन्हा पाहिली नाही. त्यात मार्थाबाई सगळ्यांत पुढे. ती सोल चिकटवायचं सोल्युशन लावायची. ओल्या सोल्युशनवर रस्त्याची धूळ बसायची, म्हणून मी खिडक्या बंद ठेवायचो. पंखाही. वासानं डोकं गरगरायचं.

"मुकादम, चपलांना सर्दी व्हईल म्हनून आमी गुदमरायचं व्हय?" ती विचारायची. शेड हसायची. मीही.

मग तिच्या पायातली चप्पल निसटायला लागली. ती पुढे, चप्पल मागे — तिला पत्ताच नसायचा. बायका चिडवायच्या, "चपला करती अन् अनवानी फिरती!"

"नवऱ्यावानी हाय गं, हाक मारल्याबिगर येत न्हाई!" ती उलट म्हणायची.

आम्ही पोट धरून हसायचो. किती दिवस? बरेच.

शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टर मला आत म्हणाले, सोल्युशनच्या वाफेनं हिच्या पायांच्या नसा मरतायत; खिडक्या उघडा, हिला त्या कामावरून आजच काढा.

बाहेर आलो. "काय म्हनले?" तिनं विचारलं. आणि मी — मी काय सांगावं? "अशक्तपणा आहे. गूळ-शेंगदाणे खा."

दिवाळीचा माल जायचा होता. तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. एवढंच कारण.

ती रोज पुडी आणायची, सगळ्यांना वाटायची, मलाही मूठभर. खिडक्या बंदच. आणखी दोन वर्षं.

परवा सावेडीला तिच्या मुलीच्या घरी गेलो — सांगायचंच, असं ठरवून. तिच्या हातात काठी, पायात मागून पट्टा असलेल्या सँडल, तोंड मात्र तेच. नातीला म्हणाली, "ह्यांनीच मला दवाखान्यात नेल्तं बरं का! लई जीव लावला." आणि बशी पुढे केली. गूळ-शेंगदाणे. "घ्या मुकादम, तुमचंच औषध!"

सगळे हसले. मीही हसलो. बशी रिकामी केली.

रिक्षात बसल्यावर वाक्य जुळलं. तोवर तिच्या घराचं दार लागलं होतं.

मार्थाबाई, माझं चुकलं. डॉक्टरांनी शेंगदाणे सांगितलेच नव्हते.