रिठाचा बस्ता

कापूस वेचायला बाया घेऊन गेलो, तर पांदणीच्या तोंडाशी सिमेंटचे खांब आणि पाच पदरी काटेरी तार. पांदण म्हणजे शेतात जायची आमची बंडीवाट. बापानं आणि आज्यानं बंड्या हाकून तिच्यात अशा चाकोऱ्या पाडल्या होत्या, की पोळ्याच्या सुमारास बैल त्यात गळ्याइतके बुडायचे. तार घालणारा नागपूरचा. वाटेलगतची बारा एकर त्यानं नुकतीच विकत घेतली होती. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण माणूस सभ्य निघाला.

"काका, रस्ता असल तर कागद दाखवा," तो म्हणाला. "तार मीच काढतो."

त्या दिवशी बाया तारेखालून वाकून गेल्या आणि कापूस डोक्यावर आला. पण आठ एकरांचा कापूस डोक्यावर आणायचा, तर पहिली वेचणी घरी पोचेस्तोवर झाडाला नातवंडं होतील. ट्रॅक्टर आत गेला नाही तर पुढच्या साली नांगरटी नाही, आणि नांगरटी नाही तर ते शेत दुसऱ्याच्या म्हशीसारखं नुसतं लांबून पाहायचं.

तेव्हा मी गेलो माझ्या दोस्ताकडे. आमची दोस्ती अशी, की ताप त्याला यायचा आणि गोळी मी खायचो. गावातले जमिनीचे सौदे तोच जमवायचा. हा बारा एकरांचाही त्यानंच जमवला होता.

"माह्याच सौद्यानं तुही वाट अडली गड्या," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आता निस्तरीन बी मीच. निस्तारपत्रकाची नक्कल काढू."

आमच्या भागात दर मौज्याचं, म्हणजे सरकारी दप्तरातल्या गावाचं, असं एक जुनं पत्रक असतं. गुरं कुठं चरायची, मढं कुठून न्यायचं, बंडी कोणत्या वाटेनं हाकायची, हे सगळं त्यात लिहिलेलं. त्यात पांदण सापडली की नागपूरवाल्याची तार उतरली.

अर्ज त्यानं लिहिला. आमच्या गावात स्वतःचा अर्ज स्वतः लिहीत नाहीत. ते आपल्याच लग्नात आपणच मंगलाष्टकं म्हणण्यासारखं दिसतं. आणि दुसऱ्यानं लिहून दिलेला अर्ज सही करण्याआधी वाचायचाही नसतो. वाचला तर लिहिणारा म्हणतो, "विश्वास नाई का बे?" आणि चहा न पिता उठतो. मी आयुष्यात सतरा-अठराशे कागदांवर सह्या केल्या असतील. वाचला एकही नाही.

महिन्यानं उत्तर आलं: सदर मौज्याच्या निस्तारपत्रकात असा रस्ता आढळून येत नाही.

"पायलं?" दोस्त म्हणाला. "अजून एक टाकू. माहितीच्या अधिकारात."

मग तोही टाकला. मग अपील. त्याच्या फटफटीवर मागं बसून मी तहसिलीत इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई मला हजेरीपटावर सही करायला सांगू लागला आणि फाटकातलं कुत्रं मी दोन दिवस दिसलो नाही तर जेवेना. दर चकरेत आम्ही तर्रीवाला आलूबोंडा खायचो. दर वेळी दोस्त माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "सरकार हाय बाबू. धीर धर." पहिल्या नकाराला मी केळझरच्या गणपतीला सव्वा किलो पेढे कबूल केले. तिसऱ्या नकाराला आकडा सव्वा क्विंटलवर गेला, आणि गणपतीलाही वाटलं असेल, हे काही देणारं गिऱ्हाईक नाही.

दोन हंगाम असे गेले. कापूस डोक्यावर आला तेवढा आला, बाकी झाडावरच पिवळा पडला. गवत माणसाएवढं. बायको म्हणाली, "रोज कचेरीत जाता, तं तिथंच काहून नाई पेरत?"

मग एकदा दोस्त साळ्याच्या पोरीच्या लग्नाला यवतमाळला गेला आणि माझी तारीख नेमकी त्याच दिवशी आली. मी पहिल्यांदाच एकटा एसटीनं निघालो. अभिलेख कक्षात एक तरुण मॅडम बसल्या होत्या. पाठीमागं छतापर्यंत लाल कपड्यातले बस्ते, दर मौज्याचा एक. धूळ अशी, की एक बस्ता आपटला असता तर वर्ध्याला दिवसा दिवे लागले असते.

मॅडमनी माझा अर्ज वाचला. तो त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मन लावून वाचला.

"काका, तुमचं शेत या मौज्यात हाय. पण पांदण जाते कुठून?"

मी बोटानं टेबलावर नकाशा काढला. हे माझं शेत, ही शीव, शिवेपलीकडं रिठ.

"मंग पांदण रिठातून जाते न. तुम्ही कागद गावाच्या बस्त्यात शोधून राह्यले."

"रिठाचा बी कागद असते का?" मी विचारलं.

रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. कोणे काळी माणसं निघून गेली, भिंती खचल्या, उरली एक मारुतीची मूर्ती आणि चार चिंचा. माणूसच नाही तिथं कागद कशाचा, असं मी धरून चाललो होतो. आख्खं गाव तसंच धरून चालतं.

"माणसं जातात काका, मौजा जात नाई," असं म्हणून मॅडम स्टुलावर चढल्या आणि सगळ्यांत वरचा बस्ता खाली घेतला. पाचव्या मिनिटाला माझी पांदण माझ्यासमोर होती. बंडीवाट, रुंदी, कुठून कुठं, सगळं उभ्या मोडी वळणाच्या अक्षरात. माझ्या डोळ्यातून त्या कागदावर टपकन पाणी पडलं. मॅडमनी कागद बाजूला घेतला. त्यांना अभिलेखाची काळजी.

बस्त्याला एक पुठ्ठा बांधलेला असतो. बस्ता सोडला की कोणी, केव्हा, कशाची नक्कल नेली ते त्यावर लिहायचं. मॅडमनी तो माझ्यापुढं सरकवला. "इथं सही करा. रिठाचा बस्ता कोणी सोडत नाई, वरती एकच नाव हाय."

नाव माझ्या दोस्ताचं होतं. नक्कल याच पत्रकाची. तारीख सौद्याच्या पंधरा दिवस आधीची.

मी सही कुठं केली आठवत नाही. बाहेर येऊन माझे तिन्ही अर्ज काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचले. तिन्हींत मौजा आमच्या गावाचा. रिठाचं नाव एकातही नव्हतं. त्याच्या खिशात कागद होता, आणि तो मला सोबत घेऊन दोन वर्षं जिथं तो कागद नाही तिथं शोधत होता.

तो लग्नाहून आला तेव्हा मी त्याच्या ओट्यावर बसलेलो होतो. नक्कल पुढं केली. त्यानं बुंदीचा पुडा खाली ठेवला.

"काऊन रे?" मी विचारलं.

त्यानं पुड्याची सुतळी घट्ट केली. मग म्हणाला, "पांदण दाखवली असती तं त्यानं बारा एकर घेतलीच नसती."

"मले तं सांगायचं होतं."

"तू गावभर बोंबलला असता. तुह्या तोंडात तीळ भिजत नाई." मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "अन् मी तुले एकटं सोडलं का? दर टायमाले आलो न संगं."

मी नक्कल घडी करून खिशात घातली आणि ओट्यावरून उतरलो.

नागपूरवाला मात्र शब्दाचा निघाला. नक्कल वाचून म्हणाला, "मले तं म्हणे इथं वाटच नव्हती. एकदा मोक्यावर पंचनामा होऊ द्या काका, मंग पक्कं होऊन जाईल." मंडळ अधिकारी तारीख देऊन आले. दोन पंच लागत होते. एक पोलीस पाटील. दुसरा रिठात जमीन असलेला खातेदार पाहिजे, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. रिठात खातेदार तिघं: एक नागपूरवाला, एक पुण्याला पोराकडं राहायला गेलेला, आणि तिसरा माझा दोस्त.

तो आला. धुतलेला शर्ट घालून आला. तारेजवळ उभं राहून त्यानं सांगितलं, वाट जुनी आहे, आम्ही दोघं लहानपणी इथूनच जायचो, इथं बंडी उलटून याचा हात मोडला होता. सगळं खरं होतं. माझा हात तिथंच मोडला होता आणि दवाखान्यात मला पाठुंगळी घेऊन तोच पळाला होता. आता खरं बोलायला त्याचं काही जात नव्हतं.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि कागद माझ्याकडं वळवला.

"पंचाची साक्ष तुम्हाला मान्य आहे ना?"

नागपूरवाल्यानं पक्कड आणलेलीच होती. मी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दोस्त पाहत होता. मग त्याच्या सहीखाली 'मान्य' लिहिलं.