आतून कणगी धरणारी

बेला गावाकडे कुणाला धान्याची कणगी करून घ्यायची असली, की डोमाजी बुरडाच्या आधी राहीबाईला निरोप जाई. बाई अंगानं काडीसारखी. डोमाजी बाहेरून बांबूच्या कमच्या विणत वर सरके आणि ती आत बसून पाठीनं, कोपरांनी भिंत रेटून धरी. ती नसली की कणगी एका अंगाला कलायची. मग आतून शेणमातीनं लिंपून, अरुंद झालेल्या गळ्यातून ती बाहेर निघे. रीत एकच : कणगीत तोंड घालून आतल्या बाईचं नाव घ्यायचं नाही. कणगी ते ठेवून घेते.

परकर नेसायच्या वयापासून तिनं हेच केलं. आता सांधे आखडले होते. दर खेपेला एकच धास्ती : आपण सगळ्याच्या सगळ्या बाहेर येऊ ना?

एक्क्याण्णव साली भाचा मोतीराम आला, तेव्हा अंगणात एक कणगी विणायला घेतली होती. तो हैदराबादेत विषाणूंवर संशोधन करी.

"आत्या, विषाणूचं कवच असंच बनते," तो म्हणाला. "मदतनीस प्रथिनं आत राहून तुकडे नीट जुळवतात. ती नसली तर कवच वाकडंतिकडं होते. काम झालं की जातात. तयार कवचात सापडतच नाहीत."

"निघतात कुठून?" राहीबाईनं विचारलं.

"बारीक भोकांतून. पण काही विषाणूंत त्यांचे आतच तुकडे होतात."

"घ्या बाई!" डोमाजी हसला. "मी तरी तुमाले साबूत काढतो."

राहीबाई हसली नाही. आत उतरली.

लिंपता लिंपता उजेडाची भोकं एकेक बुजत गेली. तिनं पाठ रेटली. समोरची भिंतही कुणीतरी तेवढ्याच जोरानं रेटून धरली होती. तिकडे न बघता तिनं लिंपण उरकलं. डोमाजीनं बखोट्याला धरून तिला ओढून काढलं.

ती रांजणापाशी हात धूत बसली. मोतीराम चहा घेऊन परतला, तेव्हा ती त्याला दिसलीच नाही. तो कणगीत वाकला.

"राहीआत्या, झालं का?"

"ओ," आतून आवाज आला. तिचाच.



"नाव काऊन घेतलं रे?" मागून राहीबाई म्हणाली. ओल्या हातांनी तिनं गळ्याची कड धरली आणि पाय आत टाकला.

"आत्या! कुठं चालली?"

"मले आणाले."