बैलगाडीतली अंगाई

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत माझीच एक अंगाई होती, पण मला न कळणारी. जमुनाबाईंनी तिचं गोरमाटीत (बंजारा लोकांच्या बोलीत) भाषांतर केलं होतं. त्या सांगलीजवळच्या शाळेत शिकवतात, माहेर तांड्यावरचं. माझ्या बालकवितांचं गोरमाटी पुस्तक काढायचं आमच्या मनात होतं. मात्र त्यांची अट होती: ऊस तोडायला आलेल्या धाकट्या बहिणीला, कमळीला, अंगाई आपली वाटली तरच पुढचं, नाहीतर पुस्तक बंद. म्हणजे मी परीक्षेलाच निघालो होतो.

कराडपर्यंत शेजारी एक निवृत्त फौजी होते.

"काय करता?"

"लहान मुलांसाठी कविता लिहितो."

"आसं व्हय. मग मोठ्यांसाठी कवा सुरू करणार?"

मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो. ऊस सांगलीपर्यंत पुरला.

स्टँडवर जमुनाबाईंनी माझ्या हातात भडंगाचा (तिखट चुरमुऱ्यांचा) पुडा ठेवला आणि रिक्षाने साखर कारखान्यावर नेलं. कमळीच्या नवऱ्याने उसाची बैलगाडी नुकतीच रिकामी केली होती आणि कमळी बाळाला घेऊन तिच्यातच बसली होती. तिच्यातूनच कोपीवर (पाचटाच्या झोपडीवर) जायचं होतं. मी मोठ्या ऐटीत चढलो आणि पहिल्याच खड्ड्यात भडंग उडालं, निम्मं रस्त्यावर, निम्मं माझ्या डोक्यावर. कमळी खळखळून हसली. तिच्या मांडीवरचं बाळही हसलं.

जमुनाबाईंनी माझ्या पिशवीतला कागद काढून अंगाई म्हणायला घेतली. दोन ओळींतच कमळीने थांबवलं.

"ताई, ह्यात दार लावलंय, दिवा मालवलाय. कोपीला दार कुठं हाय? आमचं बाळ तर गाडीतच झोपतं. हे आमच्यातलं न्हाई."

जमुनाबाईंचा चेहरा उतरला. "दार मला बी खटकत हुतं," त्या मला म्हणाल्या, "पर तुमचं दार मी कसं काढू, सर? तुमाला राग आला आसता."

इतकी वर्षं संपादकांनी माझ्या ओळी न विचारता उडवल्या आणि इथे माझ्या आदरापायी गाणं अडलं होतं!

"काढा की," मी म्हणालो.

त्यांनी कागद घडी करून ठेवला. बैलांच्या घुंगरांच्या ठेक्यावर त्या तीच अंगाई दाराशिवाय गाऊ लागल्या. मला 'याडी' (आई) एवढाच शब्द कळला. बाळ मात्र टक्क जागं. त्याने रांगत येऊन माझा चष्मा ओढला. संपलं पुस्तक, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

"झोपत नाही हो ते," मी हळूच म्हणालो.

जमुनाबाईंनी गाता गाताच मान वळवून खूण केली. त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून कमळी झोपली होती. पहाटेपासून फडात राबलेली ती बाई, तोंड उघडं टाकून, अगदी गाढ. तिच्या नवऱ्याने बैल हळू केले.

"आमची याडी गेली तवा ही लय ल्हान हुती," कडवं संपवून त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "हिला अंगाई कुणी म्हटलीच न्हाई, सर."

कोपी येईपर्यंत त्या गात राहिल्या. बाळ मी सांभाळलं, म्हणजे चष्मा त्याच्याकडे आणि मी त्याच्या ताब्यात.

मला परतीच्या एसटीत बसवायला त्या आल्या, तेव्हा मी विचारलं, "मग, पुस्तकाचं काय?"

"काढायचं. पर दार न्हाई."

साताऱ्याला येईतो मी मराठीतलंही दार काढून टाकलं. माझ्या कविता ऐकून माणसं झोपतात, हे गावात पुष्कळांनी मला तोंडावर सांगितलंय. त्याचा अभिमान वाटला तो त्या दिवशी पहिल्यांदा.