पुट्टीचं वजन

बद्रीनाथ भित्रा माणूस होता, आणि ते तो लपवतही नसे. गॅस बंद केला तरी परत एकदा जाऊन बघायचा. मोटरसायकल तर इतकी हळू चालवायचा की बजाजनगरातल्या सायकली त्याला मागं टाकत. पण वाळूजच्या कारखान्यात, गाड्यांच्या रंगकामावर, हाच माणूस वाघ होता. पत्र्यावर बारीकशी लहर दिसली तरी तो तुकडा पुढं जाऊ देत नसे. पुट्टी भर, घास, अस्तर मार, परत घास. रंगात तोंड दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

त्याची लेक संस्कृती इंजिनिअरिंगला. तिनं कॉलेजात रॉकेटचं खूळ डोक्यात घेतलं आणि बापाची झोप उडाली. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि बुडाशी दारू भरलेली, जळणारी तयार मोटर. वर्षभर खपून तिनं ते कंबरेएवढं रॉकेट उभं केलं आणि रंगवायला बापाकडं दिलं.

"पप्पा, एकच पातळ हात मारा. वजन वाढायला नको."

"व्हय गं," बद्रीनाथ म्हणाला.

पण पंखांवर लाकडाच्या रेघा दिसत होत्या, नळीवर पुठ्ठ्याचा जोड दिसत होता. लेकीची वस्तू चार माणसांत अशी जाणार? त्याला राहवेना. पुट्टी भरली, घासली, अस्तर दिलं, लाल रंगाचे दोन हात आणि वरून चकाकीसाठी लॅकर. ते चकाकणारं रॉकेट हातात घेऊन संस्कृती कितीतरी वेळ बघत राहिली.

"जास्त नाय ना मारला?"

"एकच हात," त्यानं ठोकून दिलं.

उडवायच्या दिवशी फुलंब्रीजवळच्या पडीक रानात कॉलेजची पोरं, त्यांचे सर आणि गावातली माणसं जमली. रॉकेट लोखंडी सळईवर उभं केलं होतं. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून गावकरी वारा येत होता त्या बाजूच्या बांधावर बसले होते, लेकरं मांडीवर घेऊन. संस्कृती त्यांना समजावून सांगत होती.

"मोटरचा जोर ठरलेला असतो, काका. तो वजनाच्या पाचपट तरी पाहिजे. तरच सळई सोडेपर्यंत वेग येतो आणि ते सरळ वर जातं. वजन जास्त झालं तर ते रेंगाळत निघतं, आणि वारा जिकडून येतो तिकडंच तोंड फिरवतं."

बद्रीनाथनं वाऱ्याकडं बघितलं. तिकडं बांध होता.

बोलावं तर लेकीची वर्षभराची मेहनत मातीत, आणि सगळ्यांपुढं बाप खोटारडा. न बोलावं तर? बांधावरची एक चिमुरडी लाल रॉकेटकडं बोट दाखवून हसत होती. त्यानं दोनदा संस्कृतीला हाक मारली. "पप्पा, आता मागं व्हा," म्हणत तिनं त्याला दूर सारलं. तारा जोडल्या गेल्या. ती बटणाचा डबा घेऊन बसली आणि पोरं उलटे आकडे मोजू लागली. बद्रीनाथला दरदरून घाम फुटला होता. पळावं असं वाटत असतानाच तो रॉकेटकडं चालू लागला. आता पेटणार, आत्ताच पेटणार, एवढंच डोक्यात होतं. सळईपाशी जाऊन तो उभा राहिला तेव्हा मोजणी थांबली.

"पुट्टी मारली म्या," तो म्हणाला. "लई मारली. तुला खोटं बोललो."

संस्कृतीनं बटणाच्या डब्याची किल्ली काढून तो बंद केला. सरांनी रॉकेट काट्याला अडकवून तोललं, आकडा बघितला आणि पोरांना तारा गुंडाळायला सांगितल्या. उडवायची परवानगी त्याच दिवसापुरती होती.

परतताना ती मागं बसली, रॉकेट मांडीवर आडवं. वाटेतलं हर्सूल आलं. बद्रीनाथ तिच्या रागाची वाट बघत होता. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिचा हात खांद्यावर आला.

"हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं मला, जड झालंय म्हणून," ती म्हणाली. "सरांनी विचारलं, रंगवल्यावर वजन केलं का. मी व्हय म्हणले. खरं सांगितलं असतं तर तुमचा रंग खरवडावा लागला असता." तिनं मांडीवरचं रॉकेट घट्ट धरलं. "बटण माझ्या हातात होतं, पप्पा."

बद्रीनाथनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.