अक्का उन्हात बसलीय

बेंगळुरूच्या उन्हावर आमच्या घरमालक अण्णांइतका हक्क सांगणारा माणूस दुसरा नसेल. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात किंवा शेजाऱ्यांच्या भानगडीत. पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना सुटल्यावर अण्णा फोटोग्राफीत गेले, आणि तीही पालेभाजीच्या. तांबड्या माठाचा रस कागदाला फासायचा, वर पारदर्शक फिल्मवर छापलेला फोटो ठेवायचा, काच दाबायची आणि आठवडेच्या आठवडे गच्चीत ऊन खाऊ द्यायचं. ऊन लागेल तिथला रंग उडतो. उरतो तो फोटो. शिवाजीनगरची भाजीवाली दर खेपेला विचारते, "अण्णा, एवढा माठ खाऊन अजून रक्त भरलं नाही?" फोटो नेहमी एकच: त्यांच्या गेलेल्या पत्नीचा, अक्कांचा, माठ निवडत हसतानाचा. मी गच्चीत चादर वाळत घातली की जिन्यातून ओरडा यायचा, "काढ रे ती! अक्का उन्हात बसलीय, सावली पडते."

अडचण एवढीच की हा फोटो पक्का होत नाही. उजेड त्याला पुढेही खातच राहतो. म्हणून अण्णा त्यावर काळं कापड सोडतात. बघणाऱ्यानं उचलायचं, बघायचं, सोडायचं. एका कलादालनानं बराच विचार करून तो प्रदर्शनात घेतला. तिथल्या बाईंनी विचारलं, "टिकेल किती?" अण्णा म्हणाले, "गर्दी झाली तर लवकर संपेल." गर्दीच्या नुसत्या कल्पनेनं त्यांनी नवा सदरा शिवला. 'कापड उचला' अशी पाटी लावू असं मी म्हटलं, तर म्हणाले, "घरी आलेल्याला दार ढकल म्हणून सांगायचं का?"

उद्घाटनाला लोक कापडापुढे थांबत, मान तिरकी करत, गंभीर होत. एक दाढीवाले 'अभावाची मांडणी' असं काहीसं पुटपुटले आणि सगळे समाधानानं चहाकडे वळले. मी कापड उचलायला गेलो, तर अण्णांनी मनगट धरलं. "तू नको. तू बघितलीयस तिला."

प्रदर्शन संपलं. घरी आणून अण्णांनी कापड उचललं. रंग तस्सा, लालभडक. "सरी, ठीक," ते म्हणाले, "कुणी बघितलीच नाही रे." आपलं काम सुखरूप परत आल्याचं एवढं दुःख झालेला कलावंत मी दुसरा पाहिला नाही.

आता ती बैठकीत असते, कापडाशिवाय. सकाळी अण्णा कॉफीला हाक मारतात. "स्वल्प बस, थोडा वेळ." मी बसतो. लुगड्याचे काठ गेलेत, माठाची जुडीही गेली. हसू अजून आहे. ते तरी वाचावं म्हणून परवा मी हळूच खिडकीचा पडदा ओढला.

"उघड रे," अण्णा म्हणाले. "घरात माणूस आल्यावर अक्का कधी अंधारात बसलीय का?"