छर्ऱ्यांची कढई

आमच्या घरात बंदूक आहे असं कळलं की पाहुण्यांचे डोळे मोठे होतात. त्यात विशेष काही नाही. सासऱ्यांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता, तो पुढं नवऱ्याच्या नावावर झाला. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर. मका दाण्यात आला की रानडुकरं उतरतात आणि उभं पीक लोळवून जातात. बंदूक जुनी, ठासणीची. वाजते क्वचितच, आणि वाजली तरी बहुतेक हवेतच. पण तिच्यावर नवऱ्याचा जीव केवढा! तेल काय, फडकं काय, गवसणी काय. मला ताप आला तेव्हा एवढी धावपळ केल्याचं आठवत नाही.

खंडेनवमीला तिची पूजा होते, आणि पूजेला छर्रे ताजेच लागतात असा आमच्या घरचा दंडक. आदल्या दिवशी गोठ्यामागं चूल मांडतात. जुन्या बॅटरीतलं शिसं कढईत वितळवायचं आणि भोकं पाडलेल्या डब्यातून पाण्याच्या बादलीत सोडायचं. खाली बारीक गोळ्या जमतात, तेच छर्रे. नवरा आणि त्याचे दोस्त त्या धुरात बसून गप्पा हाणतात. मी चहा ठेवायची आणि पदर नाकाला लावून परत फिरायची. ती कढई गोठ्यातच टांगलेली असे, माझ्या चुलीशी तिचा संबंध नव्हता.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अंगात रक्त कमी होतं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पालेभाजी लोखंडाच्या कढईत करत जा, रक्त वाढतं. माझ्याकडं सगळी भांडी ॲल्युमिनियमची. नवऱ्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी एक कढई लख्ख घासून माझ्यासमोर ठेवली.

"हे घे. मायच्या हातची हाय."

सासूबाईंच्या लोखंडी कढया दोन. एक माळ्यावर पडून होती, ती मला माहीत होती. तीच उतरवली असणार असं मी धरून चालले. चला, बापाला एवढं तरी सुचलं, म्हणून कौतुकही केलं. मुलीला डोहाळे आंबटाचे. त्या कढईत मी तिला अंबाडीची भाजी करून घालायची, आणि ती कढई पुसून खायची.

तिचं रक्त काही वाढेना. पोट दुखायचं, तोंडाला चव नसायची. दिवसच तसे आहेत, असं शेजारणी म्हणायच्या आणि मीही तेच म्हणत होते.

अशात ग्रामसभा आली. निसर्गाचं काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा एक माणूस आला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. परवानगी काढून डुक्कर मारा, पण शिशाच्या छर्ऱ्यानं नको. जखमी जनावर रानात जाऊन मरतं, त्याला कोल्हे, गिधाडं खातात, शिसं त्यांच्या पोटात जातं. पोलादी छर्रे वापरा आणि तसा गावाचा ठराव करा. झालं! सभा पेटली. रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर या विषयांना कधी तोंड न उघडणारी माणसं तावातावानं उठली.

सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरचा.

"पोलादानं नळी घासते साहेब! नळी फुटली तं कोन जबाबदार? गिधाडं भरून देतीन काय?"

लोक हसले. नवऱ्याला आणखी चेव आला. आमच्या आजापासून शिसंच वापरतो, कोणाला काय झालं, असा त्याचा मुद्दा. मग कोणी सायकलच्या बेरिंगमधले छर्रे चालतील म्हणालं, कोणी ते नेम धरत नाहीत म्हणालं, आणि नळीच्या काळजीत अर्धी दुपार गेली. नळी, नळी, नळी! मी बचत गटाच्या बायांबरोबर कोपऱ्यात बसून उठायची वाट बघत होते.

तो माणूस चिकाटीचा. म्हणाला, "फक्त गिधाडांचं नाही हो. शिसं वितळवता त्याचा धूर, ती भांडी, सगळ्यातच ते राहतं. त्यात आंबट पडलं तर आणखीच उतरतं. लहान मुलांना आणि गरोदर बायांना सगळ्यात वाईट."

मी नवऱ्याकडं पाहिलं. एवढा वेळ बोलणारा माणूस एकाएकी खाली बसला होता. तशीच उठले आणि भरसभेत त्यालाच विचारलं, "अहो, ते कढई तुमी माळ्यावरून काढली का गोठ्यातून?"

"माळ्यावरची गंजली व्हती," तो म्हणाला. "गोठ्यातली चांगली जाड हाय. अन् म्या राखनं घासली न चांगली!"

पुन्हा हशा. सरपंच म्हणाले, "बाई, विषय छर्ऱ्याचा चालू हाय, कढईचा नाई. घरचं घरी पाहा."

आजही ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. अरे, छर्रे पडतात कुठं? आभाळातून? मी तशीच निघाले. मागं ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला, ते नंतर कळलं.

मुलीचं रक्त तपासायला अकोल्याला पाठवलं. शिसं निघालं, नको तेवढं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आधी ते भांडं बंद करा, मग पाहू. मुलीनं फक्त एवढंच विचारलं, "बाळाले काई होईन का?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की आज सांगता येणार नाही. मूल ऐकतं कसं, बसतं कसं, बोलतं केव्हा, हे बघत राहावं लागेल. ती बापाकडं वळली. सगळ्या गावाला उत्तरं देणारा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं महिने मोजायला लागला. मला त्याचा राग आला होता, आणि त्याला धरून रडावंसंही वाटत होतं.

नात झाली. हातपाय, नाकडोळे सगळं ठीक. परवा तो ठराव पुन्हा सभेत आला. नळीवाल्यांनी आपला वक्ता न्यायला घरी माणूस धाडला. नवरा ओसरीत नातीच्या पाठीमागं बसला होता. त्यानं टाळी वाजवली, तिनं वळून पाहिलं. त्यानं सरकून दुसऱ्या बाजूनं वाजवली, तिनं तिकडंही पाहिलं.

"चाला ना काका, सभा थांबली हाय," दारातला माणूस म्हणाला.

"अहो, पुरे करा आता," मीही म्हणाले. "ऐकते ती. किती वेळा पाहता?"

त्याला आमचं दोघांचंही ऐकू गेलं नाही. तो पुन्हा तिच्या मागं सरकला आणि या वेळी टाळी अगदी हळू वाजवली.